बार कशावर काढला?

महाळुंगे पडवळच्या त्या शिवारात लायसनची बंदूक एकाच माणसाकडं होती, सोपानकडं. रानडुकरांपासून पीक राखायला म्हणून बापाला मिळालेली. बाप गेल्यावर खेटे घालून सोपाननं ती आपल्या नावावर करून घेतली. वर्षातून दोनदा नळीला तेल द्यायचं आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करून यायचं, एवढाच त्याचा तिच्याशी संबंध. डुक्कर कधी मारलं का, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "आवाजानंच पळत्यात की."

पण गेल्या दोन वर्षांत शिवाराची तऱ्हाच बदलली. बिबटे उसातच राहायला लागले. आधी कुत्री संपली, मग शेरडं, आणि दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या वस्तीतल्या एका म्हातारीला गवत कापताना मानेला धरलं. ती वाचली नाही. तेव्हापासून सोपान पहाटे मोटर बंद करायला जाताना बंदूक भरून नेऊ लागला.

त्या दिवशी धुकं होतं. मोटर बंद करून तो वळला, तर बांधाशेजारच्या गेणूच्या उसाच्या कडेला काहीतरी हललं. पिवळसर, वाकलेलं. बंदूक खांद्याला कधी लागली, चाप कधी ओढला, त्याचं त्याला कळलं नाही. बार झाला आणि उसातून गेणूच ओरडत बाहेर आला. डोक्याला पिवळा टॉवेल गुंडाळलेला, हातात विळा.

"सोपान्या, वाचवलंस रं!" त्यानं सोपानला मिठीच मारली. "माझ्या पाठीमागंच व्हता. खसफस ऐकली मी, आन् तेवढ्यात तुझा बार झाला!"

दोघं बांधाला बांध लावून वाढलेले. खरं काय ते सोपानच्या जिभेवर आलं होतं. पण गेणू मिठी सोडीना, आणि सोपानच्या तोंडून एवढंच निघालं, "तुला कुठं लागलं तर न्हाई ना?"

"मला कशाला लागंल?" गेणू म्हणाला.

दुपारपर्यंत गावभर झालं की सोपाननं गेणूला बिबट्याच्या तोंडातून ओढून काढला. गेणूच्या बायकोनं, साळुबाईनं, पुरणाच्या पोळ्या करून पाठवल्या. वनखात्याचा सुनील येऊन वाकून वाकून माती बघू लागला. उसाच्या सरीत पंजाचे ठसे होते खरे.

"आजचे हायेत का?" सोपाननं घाईनं विचारलं.

"आजचे असतील, परवाचेबी असतील. दव पडल्यावर सांगता येत न्हाई," सुनील म्हणाला. "तुमी बार कशावर काढला पण?"

"हवेत," सोपान म्हणाला. खोटं इतक्या सहज निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

सगळे गेल्यावर तो एकटाच उसात शिरला. गेणू उभा होता त्याच्या हातभर डावीकडं चार ऊस छर्‍यांनी फुटले होते. छातीच्या उंचीला. त्यानं ते चारही ऊस मुळापासून तोडले आणि म्हशीपुढं टाकले.

त्यानंतर त्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. जेवताना, धार काढताना तो पुन्हा पुन्हा ती पहाट आठवून बघायचा. टॉवेलच्या मागं आणखी काही हललं होतं का? कधी वाटायचं, हललं होतं. मग वाटायचं, हे आपणच आता घुसडतोय.

आठ दिवसांनी ग्रामसभा भरली. ठराव एकच: शिवारात राहणाऱ्या प्रत्येक घराला बंदुकीचं लायसन मिळावं. मंदिरापुढचा मंडप गच्च भरला होता.

"पिंजरा मागितला तर पंधरा दिवसांनी येतोय," गेणू उभा राहून बोलत होता. "तवर काय बिबट्याला कायदा वाचून दावायचा? सोपान्याकडं बंदूक नसती तर आज माझा फोटो भिंतीवर असता!"

टाळ्या पडल्या. मग पंचायतीची सदस्य आरती उठली. "मालकांनो, या गावात बांधावरनं कुऱ्हाडी निघाल्यात. भावानं भावाचं डोकं फोडलंय. घरोघरी बंदुका आल्या तर त्या फक्त बिबट्यावरच चालतील, असं कोण लिहून देतंय?"

"पोरीबाळी उसाच्या कडंनं शाळंला जात्यात, त्यांचं काय?" मागून कुणीतरी ओरडलं. कल्लोळ झाला. सोपानला आरतीचं पटत होतं, आणि मागच्याचंही पटत होतं. शेवटी सरपंच म्हणाले, "थांबा. ज्यानं बंदूक चालवलीय त्यालाच विचारू. सोपानराव, बोला."

सोपान उठला.

"मी बिबट्या बघितला न्हाई," तो म्हणाला. "पिवळं दिसलं, वाकलेलं दिसलं, म्हनून बार काढला. तो गेणूचा टॉवेल व्हता."

गेणू आधी हसला. मग त्याचं हसू मावळलं. "माझ्यावर?"

"व्हय."

"मग माझ्या मागं वाजत व्हतं ते काय व्हतं?"

"ते मला ठाव न्हाई, गेणू. देवाशप्पत ठाव न्हाई."

मग आरती म्हणाली, "बघा!" आणि त्याच दमात ठराव मांडणारा पुढारी म्हणाला, "बघा! म्हंजे लायसनसंगट ट्रेनिंगबी पायजे." दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजल्या. सोपानला कळेना, आपण नेमकं कुणाच्या बाजूनं बोललो. हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यानं हात केला की नाही, हेही त्याला नंतर सांगता येईना. ठराव मोठ्या बहुमतानं पास झाला. गेणू त्याच्याकडं न बघताच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सोपान बंदूक जमा करायला निघाला. गाडीला किक मारणार तोच साळुबाई आडवी आली.

"भाऊजी, बंदूक देऊ नगा," ती म्हणाली. "पहाटं गोठ्यात मी एकटी असती. तुमच्याकडं ती हाय म्हनून धीर व्हतो."

"वहिनी, तुमच्या मालकावर बार काढलाय मी."

"लागला न्हाई ना? बिबट्यानं मातूर सोडलं नसतं त्यास्नी." मग पदर तोंडाला लावून ती हळूच म्हणाली, "पर तुमचा बार लागला असता तर... मला काय समजंना झालंय, भाऊजी."

त्यानं किक मारली, पुन्हा गाडी बंद केली. शेवटी गेलाच. हवालदारानं कारण विचारलं. सोपान म्हणाला, "नजर कमी झालीय." बंदूक आत गेली, पावती हातात आली. परत येताना त्याला हलकं वाटलं, आणि गावाची कमान दिसताच पुन्हा जड वाटलं.

पंधरा दिवस गेणू बोलला नाही. सोळाव्या दिवशी सकाळी तो बांधावर येऊन उभा राहिला. डोळे लाल.

"रातच्याला कालवड नेली. साळूच्या डोळ्यांदेखत. ती वराडत व्हती, सोपानभाऊजी, सोपानभाऊजी. बंदूक कुठं हाय तुझी?"

"जमा केली."

"का?"

"तुझ्यासाठीच की रं."

गेणू मटकन खाली बसला. सोपानही बसला. "तुला शिव्या द्यायला आलो व्हतो," गेणू म्हणाला. "पर कशापायी द्यायच्या, त्येच ठरंना. बार काढलास म्हनून, का काढायला न्हवतास म्हनून?"

मग गेणूनं खिशातून घडी केलेला कागद काढला. लायसनचा अर्ज होता, भरलेला. "दोन चांगल्या मान्सांच्या सह्या लागत्यात, वळखीच्या. एक तू कर."

सोपाननं अर्ज दोनदा वाचला. "पहाटंचं तुला नीट दिसतं का?"

"तुझ्यापरीस बरं दिसतं," गेणू म्हणाला. मग डोळे चोळत, "पयल्यासारखं न्हाई."

ऊन चढत होतं. गेणूनं पेन पुढं केलं. सोपाननं ते घेतलं, टोपण काढलं, आणि उसाकडं बघत कितीतरी वेळ तो ते तसंच धरून बसला. गेणूनंही घाई केली नाही.