वठलेल्या वाळुंजावरचं नाम्सेंगी

सल्गोल गावात युनोकला गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बसथांब्यामागे तिचं केस कुरळे करून देण्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या डोक्याला गुंडाळ्या लावता लावता ती अख्ख्या पंचक्रोशीच्या बातम्या सांगायची, आणि सांगताना तिखटमीठ तर लावायचीच. त्यामुळे गावच्या तळ्यात आडव्या पडलेल्या वठल्या वाळुंजाच्या खोडावर आपण नाम्सेंगी पाहिलं, असं तिनं सांगितलं तेव्हा दुकानातल्या बायका खो खो हसल्या.

"नाम्सेंगी? ती कासवं माझ्या सासऱ्यांच्या लहानपणी होती म्हणे," एकजण म्हणाली.

"अगं, या डोळ्यांनी पाहिलं! पाठीवर तीन धारा, मानेवर पिवळ्या रेघा."

"मागच्या वर्षी तू डोंगरात वाघही पाहिला होतास."

"तो लांबून पाहिला होता!"

एरवी असलं हसणं तिनं कधीच मनावर घेतलं नसतं. पण शहरातून गळ टाकायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी सरपंच थेसिक त्याच काठावर लाकडी ओटे बांधणार होता, आणि ते खोड ओढून काढायला सोमवारी पोकलेन येणार होतं. युनोक तडक त्याच्या कांद्याच्या शेतात जाऊन उभी राहिली.

"सरपंच, खोड काढलंत तर त्या जिवांनी ऊन खायला बसायचं कुठं?"

"ती लाल कानाची परदेशी कासवं असणार," थेसिक रोपांवरून मान वर न करता म्हणाला. "लोक हौसेनं विकत आणतात, पोरं कंटाळली की तळ्यात सोडून देतात. खरंच नाम्सेंगी असेल, तर तो सरकारनं जपायला सांगितलेला प्राणी. मग मी काडीलाही हात लावणार नाही. पण दाखव मला."

"दाखवीन."

"तू? त्यासाठी तोंड मिटून बसावं लागतं, बाई."

हे मात्र तिला झोंबलं. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून ती तळ्यावर गेली. बांधावर पाऊल टाकते न टाकते तोच खोडावरून डुबुक, डुबुक असे आवाज आले आणि पाण्यावर नुसती वर्तुळं उरली. तेवढ्यात घाईघाईनं काढलेला धूसर फोटो तिनं नणंदेला दाखवला. बोंगनिम तिची थोरली नणंद, शेजारच्याच घरात राहणारी, मोजकं बोलणारी.

"ही तर भांड्याला लागलेल्या भाताची खरपुडी," बोंगनिम म्हणाली.

युनोकनं आपल्या आवाजाला दोष दिला. मग तोंडात आल्याची वडी ठेवून ती काठावर जाऊ लागली, पण तरीही डुबुक व्हायचंच. बोंगनिम बांधाच्या उतारावर रानभाजी खुडत होती. तिनं दोन दिवस तो तमाशा पाहिला आणि शेवटी तिला राहवलं नाही.

"तुझ्या बडबडीला ती भीत नाहीत गं. तू चालत येताना दिसतेस, त्याला भितात. आणि ही फुलाफुलांची विजार तर आंधळ्यालाही दिसेल."

"मग काय करू, वन्सं? उडत येऊ?"

"ती वर चढायच्या आधी येऊन बस."

दुसऱ्या दिवशी, खोडावर ऊन यायच्या बऱ्याच आधी, नणंदेचं मातकट जाकीट घालून युनोक लव्हाळ्यात जाऊन बसली. बोंगनिमही खुरपं बाजूला ठेवून शेजारी टेकली. गुडघा ठणकत होता, घोट्यावर मुंग्या चढत होत्या, पण युनोक हलली नाही. ऊन खोडाच्या टोकाला लागलं आणि पाण्यातून अंगठ्याएवढं डोकं वर आलं. बराच वेळ ते नुसतं पाहत राहिलं. मग कासव नखं रोवून चढू लागलं, अर्ध्यावरून घसरलं, पुन्हा चढलं. वर आल्यावर मागचे पाय लांब ताणून, बोटं फाकवून त्यानं डोळे मिटले. मानेवरच्या पिवळ्या रेघा उन्हात ओल्या चमकत होत्या. फोटोसाठी हलावं तर ते बुडी मारणार, म्हणून युनोकनं नणंदेचा हात तेवढा घट्ट दाबून धरला. आयुष्यात पहिल्यांदा तिला सांगण्यासारखं काही दिसत होतं, आणि सांगायची सोय नव्हती.

सोमवारी सकाळी आभाळ गच्च भरलं होतं. पोकलेन घरघरत बांधावर आलं, मागून थेसिक आला. युनोक वाळुंजाच्या मुळांवर फतकल मारून बसली होती.

"ऊन नाही तर कासव नाही," ती म्हणाली. "ऊन पडेपर्यंत थांबा."

"आणि दिवसभर नाहीच पडलं तर?"

"तर उद्या. मी इथून उठत नाही. मशीन माझ्यावरून न्या."

थेसिक तापला. तेवढ्यात बोंगनिम पुढे आली. "थेसिक, याच तळ्यात तुला मी पोहायला शिकवलं. कितीतरी दिवस नुसत्या गटांगळ्या खात होतास, तेव्हा मी घाई केली होती का रे?"

थेसिकनं इंजिन बंद करायला सांगितलं. सगळे लव्हाळ्यात जाऊन बसले. बोंगनिमनं रानभाजीची धिरडी आणली होती; पोकलेनवाल्यानं ती आवाज न करता खायला घेतली. दुपार कलायला लागली तेव्हा ढग फाटले.

पहिलं कासव वर आलं. डोळ्यामागे ठसठशीत लाल पट्टा.

"काय म्हणालो होतो?" थेसिक कुजबुजला आणि उठू लागला. तिनं त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं.

"अजून संपलं नाही."

मग कोळशासारखं काळंभोर एक आलं.

"रेघा कुठायत?"

"तो म्हातारा नर. वय झालं की रेघा पुसतात."

"बरं सुचतं तुला!"

युनोक पाण्याकडेच पाहत राहिली. खोडाच्या बुडाशी काहीतरी हललं, घसरलं, पुन्हा घसरलं, आणि एक मादी वर आली. पाठीवर तीन धारा. तिनं उन्हाकडे मान लांब केली, तशा पिवळ्या रेघा एकेक करून उलगडल्या.

पोकलेनवाल्याच्या हातातलं धिरडं तोंडाशीच थांबलं. "आई शप्पथ," तो हळूच म्हणाला.

थेसिकनं टोपी काढून मांडीवर ठेवली. बऱ्याच वेळानं तो कुजबुजला, "पायाला मुंग्या आल्यात. उठू का?"

"खबरदार! ती आपणहून पाण्यात जाईपर्यंत कुणी उठायचं नाही."

आणि पुन्हा ढग येईपर्यंत ती चौघंही तिथंच बसून राहिली.

ओटे पलीकडच्या काठावर न्यायचं ठरलं. आठवडाभरानं जिल्ह्याच्या कचेरीतली माणसं येऊन खोड पाहून गेली. लाल कानवाली वाढली तर नाम्सेंगीला बसायला जागा उरणार नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि ती पकडायला जाळीची टोपली दिली.

"रोज उघडून बघावी लागेल," ते म्हणाले. "आत नाम्सेंगी अडकलं तर लगेच सोडायचं. कोण करील?"

युनोकनं टोपली उचलून काखेत मारली. "वन्सं, चला," ती म्हणाली. "आधी ती लावायची कुठं, ते बघू."