जप्तीच्या पेटीतली निवडणूक

विमानतळाच्या सुरक्षा तपासणीत मी सतरा वर्षं बायकांची झडती घेते आहे. पडद्यामागे एक लाकडी चौथरा आहे. बाई त्यावर उभी राहते, हात पसरते, आणि मी म्हणते, "माफ करा हं." सतरा वर्षांत सापडलं काय म्हणाल, तर केसांचे आकडे, विसरलेल्या किल्ल्या आणि एका आजींच्या हातरुमालात गुंडाळलेली त्यांचीच कवळी. त्या बिचाऱ्या महिनाभर ती शोधत होत्या.

आमच्या फाटकावर आम्ही एकवीस जण. दर दोन वर्षांनी आमच्यातून एक पाळी-प्रतिनिधी निवडला जातो. महिन्याचा तक्ता बनतो तेव्हा तो साहेबांच्या शेजारी बसतो आणि कोणाला पहाटे चारची पाळी आणि कोणाला दुपारी दोनची, हे सुचवतो. साहेब सही करतात. साहेबांनी कधी सूचना नाकारल्याचं मला आठवत नाही, कारण नाकारायला ती वाचावी लागते.

सहा वर्षं प्रतिनिधी होते दादा. दादा एक्स-रेच्या मॉनिटरवर बसतात. माणूस वाईट नाही. त्यांचा एकच नियम: जुन्यांना दुपार, नव्यांना पहाट. मी जुनी. त्यामुळे माझा सकाळचा नेम, म्हणजे स्नान, दिवा, वाचन आणि तासभर मौन, सहा वर्षांत एकदाही चुकला नाही. देवाच्या कृपेनं, असं मी म्हणायचे. दादांच्या कृपेनं म्हणायला हवं होतं, पण ते काही जपात बसत नाही.

यंदा धाकटी उभी राहिली. धाकटी म्हणजे पडद्याआड माझ्यासारखंच काम करणारी, वयानं आणि नोकरीनं सगळ्यांत लहान. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, घरी चार वर्षांची मुलगी. पहाटे मुलीला सांभाळणारी शेजारीण घर बदलून गेली, आणि बालवाडी उघडते आठ वाजता; तिथलं पाळणाघर मग रात्रीपर्यंत चालतं. आठवड्यात चार पहाटा वाट्याला येत होत्या. दादांकडे दोनदा गेली. दादा म्हणाले, "अगं, आम्हीही काढल्यात. वर्षं जाऊ देत." ती म्हणाली, "दादा, मुलीला चारपासून आठपर्यंत कुठे ठेवू? तुमच्या ट्रेमध्ये?" या महिन्याचा तक्ता बदलला नाही तर नोकरी सोडते, असं तिनं मला सांगितलं होतं. माझ्याशिवाय कोणाला नाही.

प्रचार सुरू झाला. पण तो पाळ्यांवर झाला असता तर आम्ही आम्ही कसले?

त्याचं मूळ मास्तर. मास्तर पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळा बंद पडली, आता हातातलं यंत्र पुरुषांच्या अंगावरून फिरवतात. ते चहाच्या वेळी सहज म्हणाले की पाळीनुसार माणसाचं शरीर बदलायला हजारो पिढ्या लागतील. झालं.

"म्हणजे मास्तर, माकडाचा माणूस झाला हे तुम्ही मानता?" दादांनी कप खाली ठेवला.

"माकडाचा माणूस झाला असं कोणी म्हणत नाही, दादा. दोघांचे पूर्वज एक. म्हणजे माकड तुमचं लांबचं चुलत भावंड."

"माझी चुलत भावंडं मी पाहिली आहेत. त्यांच्यावरून काही सिद्ध करू नका."

ट्रे उचलणारा पैलवान हसता हसता ठसकला. दादांना चेव आला. "अकरा वर्षं मॉनिटरवर आहे. लाखो पिशव्या पाहिल्या. माकडाचा माणूस होताना एकदाही दिसला नाही. जे दिसत नाही ते नाही."

"आणि आजवर एका तरी बुटात काही सापडलं?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"मग लोकांना बूट का काढायला लावता?"

"काढायला लावतो म्हणूनच सापडत नाही!"

पैलवानानं मान डोलावली. त्याला दोन्ही बाजू पटल्या होत्या.

त्या दिवसापासून निवडणूक माकडावर आली. जो तो धाकटीला गाठून विचारायचा, "तू मास्तरांच्या बाजूची की दादांच्या? माकड मानतेस की नाही?" ती हातमोजे चढवत म्हणायची, "माझ्या घरी चार वर्षांची आहे. पडद्याच्या दांडीला लोंबकळते. मला मानण्या-न मानण्याची सोय नाही." लोक हसायचे आणि म्हणायचे, बाई उत्तर टाळतेय.

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की देवानं माणूस एका दिवसात केला की कोट्यवधी वर्षांत, त्याला कुठे घाई होती? तक्त्यावर सही थोडीच करायची होती त्याला.

मतमोजणी कोण करणार, यावर आठवडा गेला. मास्तरांचं नाव निघालं तेव्हा पैलवान म्हणाला, "जो माणूस स्वतःच्या आजोबांबद्दल असं बोलतो, त्याच्या हाती मतं द्यायची?" साहेबांचं नाव निघालं, तर साहेबांनी रजा टाकली. शेवटी दादा म्हणाले, "ताई खोटं बोलत नाहीत. ताईंना द्या." धाकटीही म्हणाली, "ताईच हव्यात." माझ्यावर दोघांचा विश्वास बसला. आमच्या फाटकावर कोणा दोघांचं एकमत झाल्याची ती पहिलीच वेळ. मला संकोच वाटला. का, ते पुढे सांगते.

मतदान शुक्रवारी, दुपारी दोन ते तीन. तेव्हा दोन्ही पाळ्यांची माणसं हजर असतात. पेटी म्हणून जप्तीचा प्लास्टिकचा डबा घेतला, ज्यात आम्ही लोकांच्या कात्र्या आणि नेलकटर टाकतो. जप्तीच्याच सुरीनं त्याला वर फट पाडली. पेन नको, कारण शाई आपोआप उडते असं दादांनी कुठेसं ऐकलं होतं. पेन्सिल नको, खोडता येते. मग पिशव्यांच्या चिठ्ठ्यांवर मारतो तो शिक्का काढला. ज्याला मत द्यायचं त्याच्या नावापुढे 'सुरक्षा तपासणी झाली' असा शिक्का मारायचा.

झाकण मी चिकटपट्टीनं बंद केलं. चारी बाजूंनी दाबून दाबून.

मग एकेक जण धातू शोधणाऱ्या चौकटीतून आला, बूट काढून, खिसे रिकामे करून. एकमेकांची ओळखपत्रंही पाहिली. बारा वर्षं शेजारी उभा राहणाऱ्या पैलवानाला मास्तर म्हणाले, "फोटोत मिशी आहे. आता नाही." पैलवान म्हणाला, "उत्क्रांती झाली, मास्तर." तेवढं मत शांतपणे पडलं.

माझा नंबर विसावा होता. आडोशाला गेले, शिक्का हातात घेतला. धाकटीचं नाव वर होतं, दादांचं खाली. मला तिची मुलगी आठवली. मग माझा पहाटेचा दिवा आठवला. प्रतिनिधी बदलला की जुन्यांची दुपार जाणार, हे उघड होतं. देवाच्या सेवेत खंड नको, असं मी मनाशी म्हटलं, आणि शिक्का खाली मारला. शिक्का छान उमटला. मी मात्र बाहेर येताना कोणाकडे पाहिलं नाही.

तीन वाजले. आता पेटी उघडायची. तेवढ्यात धाकटीच्या बाजूच्या कोणीतरी म्हटलं, "आधी एक्स-रे काढा. आत आधीपासून काही ठेवलेलं नाही ना?" पेटी पट्ट्यावरून आत गेली. दादांनी मॉनिटरवर वाकून पाहिलं. कागद त्यावर नारिंगी दिसतो; नुसता नारिंगी ढीग.

"किती आहेत?"

"बावीस," दादा म्हणाले.

"एकवीस मतदार आणि बावीस कागद?"

"किंवा वीस. चिकटलेत."

यावर दादांच्या बाजूचे उसळले. कागदांना रसायन लावलं असेल तर शिक्के आत बसल्या बसल्या बदलतील. पेटी पुसून स्फोटकांच्या यंत्रात तपासा. मास्तर म्हणाले, "अहो, ते यंत्र शिक्के नाही तपासत." पण ऐकतो कोण. पैलवानानं कापडाची पट्टी झाकणावरून फिरवली आणि यंत्रात घातली.

यंत्र लाल झालं आणि किंचाळलं.

मला तत्क्षणी कळलं. दिवसभर हातमोजे घालून बोटांना भेगा पडतात, म्हणून मी ग्लिसरीन लावते, आणि त्या यंत्राला ग्लिसरीनही स्फोटकच वाटतं. त्याच हातांनी झाकण दाबलं होतं. प्रवाशांच्या बाबतीत असं महिन्यातून दोनदा होतं. मी म्हणाले, "माझ्या हाताचं ग्लिसरीन आहे ते. डबा उघडा."

"ताई, तुम्ही भोळ्या आहात," दादा म्हणाले. "तुमचा कोणीतरी वापर केला."

"माझ्या ग्लिसरीनचा?"

कोणी ऐकेना. एरवी खोटं न बोलणारी म्हणून नेमलेली बाई खरं सांगत होती, आणि सगळे तिच्यामागे कोण आहे ते शोधत होते. गलका ऐकून रजेवरचे साहेब आतल्या खोलीतून बाहेर आले. त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, "ही पेटी कोणाची?"

मालकी सांगितली की सहा पानांचा अर्ज भरावा लागतो. कोणीच बोललं नाही. मी "माझी" म्हणेपर्यंत साहेबांनी बेवारस वस्तू म्हणून नोंद करून टाकली होती. दोरी बांधली गेली. बॉम्बनाशक पथक आलं. पेटी बाहेरच्या वाळूच्या खड्ड्यात नेली आणि पाण्याचा झोत मारून उडवली. साडेचारला आम्हाला एका पिशवीत करडा लगदा परत मिळाला, सोबत पोच.

साहेब म्हणाले, "सहा वाजता तक्ता वर जातो. तोवर मला एक नाव द्या. नाव नसेल तर जुना प्रतिनिधी पुढे चालू. आणि पुन्हा पेटी नको."

जुना पुढे चालू म्हणजे काय ते धाकटीला बरोबर समजलं. ती बाकावर बसून फोनवर मुलीशी बोलत होती. "हो गं बाळा... नाही, उद्या नाही. आता थोडेच दिवस. मग आई घरीच असणार." आवाज हळू होता, पण आमची खोली केवढीशी. सगळ्यांनी ऐकलं.

मास्तर म्हणाले, "प्रत्येकाला स्वतःचं मत ठाऊक आहे. एकेकाला विचारू, लिहून घेऊ."

"माणूस खोटं बोलेल," दादा म्हणाले.

"मग पेटीत तरी खरं टाकलं होतं कशावरून?"

कागद माझ्याकडे आला. मी दोन रकाने आखले. पहिला पैलवान. महिनाभर दादांच्या नावानं दंड थोपटत होता. त्यानं कागदाकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं, तिनं फोन ठेवून डोळे पुसले ते पाहिलं. "मी? मी तर हिलाच दिलं होतं," असं म्हणून त्यानं सही ठोकली.

त्याच्या मागचा कसा मागे राहील? "मीसुद्धा." "मी तर पहिल्यापासून." एक जण म्हणाला, "माझ्या बायकोनंही सांगितलं होतं." धाकटीचा रकाना भरत गेला. धाकटीनं स्वतःची सही केली. दादांची पाळी आली. ते खाकरले. "आता मी काय स्वतःच स्वतःला मत देईन होय? शोभतं का ते?" आणि त्यांनीही तिच्याच रकान्यात सही केली.

वीस झाल्या. दादांचा रकाना स्वच्छ, पांढरा. उरले मी.

पेन हातात धरून मी बसले. धाकटीच्या रकान्यात सही केली असती तर कोणाला कळणार नव्हतं. मत तर लगद्यात गेलं होतं. मास्तर म्हणाले, "ताई, करा की. पावणेसहा झाले."

मी दादांच्या रकान्यात सही केली.

धाकटी माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे," दादा कागद ओढून घेत म्हणाले, "मला एकूण एकच मत?"

"दादा, तुम्ही स्वतःच..." मास्तरांनी सुरुवात केली.

"सहा वर्षं राबलो. आणि एक!" त्यांनी रकाना वरून खाली बोट फिरवून मोजला, मग खालून वर. जन्मात कुठल्या मोजणीवर विश्वास न ठेवलेल्या दादांनी ही मोजणी मात्र पुरती मान्य केली. पैलवान बूट बांधायला खाली वाकला, तो बराच वेळ वर आलाच नाही.

साहेबांनी कागद न वाचता विचारलं, "कोण?" मी धाकटीचं नाव सांगितलं. त्यांनी सही केली.

सगळे पांगल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. पुढ्यात कोरा तक्ता. "ताई, का?"

"दुपारच्या पाळीसाठी," मी म्हणाले. "सकाळी देवापुढे बसायला मिळतं म्हणून. तुझ्या मुलीचा विचार मनात आला होता, तो बाजूला सारला."

ती तक्त्यावर रेघा मारू लागली.

"सोमवारी पहाटे माझं नाव घाल," मी म्हणाले. "मंगळवारीही."

"आणि तुमचा नेम?"

"दीडला उठेन."

तिनं नाव लिहिलं, मग थांबून पेनचं टोक चावलं. "बुधवारी दादांना घालते. गुरुवारी पैलवानाला. वीस जणांनी मला मत दिलंय, ताई. सगळ्यांना एकेक पहाट द्यायला हरकत नसावी कोणाची."

"त्यांनी सह्याच केल्यात," मी म्हणाले, आणि तिला रेघा मारायची पट्टी सरकवली.