नळी काढणं

स्पॅनिशमध्ये कॉन्स्तिपादो म्हणजे सर्दी झालेला. आधीच्या भाषांतरकारानं इंग्रजीत बद्धकोष्ठ लिहून ठेवलं होतं. म्हणजे नाक चोंदलेल्या माणसाला जुलाबाचं औषध. असल्या दीडशहाण्यांचं निस्तरायला मी बसते. श्वासाच्या आजारांवरची, नर्सेससाठी लिहिलेली स्पॅनिश पुस्तिका इंग्रजीत न्यायची आहे. आई अकरा दिवस व्हेंटिलेटरवर आहे आणि मी रोज ठरलेली पानं करते. रडू येत नाही. भूकसुद्धा वेळेवर लागते.

आज दोन शब्दांवर गाडी अडली होती. देस्तेते म्हणजे दूध तोडणं. तान्ह्या मुलाचं तोडतात तशीच यंत्राच्या श्वासाची सवयही तोडतात, हळूहळू, माणसानं आपला आपण श्वास घ्यावा म्हणून. रेतिरादा म्हणजे उपचार थांबवून यंत्र काढून घेणं. इंग्रजीत पहिलं वीनिंग, दुसरं विथड्रॉवल. आधीच्यानं दोन्हींची खिचडी केली होती, ती मी निवडत होते.

तेवढ्यात हॉस्पिटलमधून दादाचा फोन आला.

"अगं, उद्या आईची नळी काढतायत. डॉक्टर मघाशी बोलले."

"नेमकं काय म्हणाले?"

"इंग्रजीत भराभरा बोलले. मला नळीचं तेवढं कळलं. फॉर्मवर तुझीही सही हवीय." दादा शिंपी आहे. "मी तिच्यासाठी गाऊन शिवलाय. बाह्या सैल ठेवल्यात, सुजलेला हात सहज जाईल."

"फॉर्मवर काय लिहिलंय, वाच बरं."

त्यानं अक्षरं लावत वाचलं. "विथ... ड्रॉवल."

मला काहीच वाटलं नाही, आणि त्याचीच लाज वाटली. आपल्याकडे दोन्हींना नळी काढणंच म्हणतात. दादाचं काही चुकलं नव्हतं.

"गप्प का झालीस? सुटेल ना ती आता?"

"सुटेल," मी म्हणाले. खोटं नव्हतं. दिवसभर मी दुसऱ्यांचे मोघम शब्द खोडते, आणि वेळ आली तेव्हा माझ्याच तोंडून तसला शब्द निघाला.

पलीकडे कुणीतरी चपला घासत गेलं. मग तो म्हणाला, "म्हणजे घरी येईल ना?"

"नाही, दादा. तिला आता स्वतःचा श्वास घेता येणार नाही. यंत्र काढलं की ती जाईल. तेच विचारतायत ते आपल्याला."



"मी डॉक्टरांना थँक्यू म्हणालो गं," तो म्हणाला.