दोनशे फवारे

शिट्टी सरांना एखादी गोष्ट पटली की ते ती अर्धवट सोडत नसत, आणि त्यांच्या बायकोच्या मते हाच त्यांचा मुख्य दोष होता. दम्याच्या मुलांना शाळेत कसं सांभाळायचं, हे सांगायला दोन महिन्यांपूर्वी एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. बाकीच्या शिक्षकांनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि ते विसरून गेले. खेळाचे शिट्टी सर मात्र पेटले. मूल ताठ बसवायचं, पंप हलवायचा, स्पेसरच्या नळकांड्याला लावायचा, एक फवारा, सावकाश श्वास, मग दुसरा. शिपाईकाकांपासून मुख्याध्यापिकाबाईंपर्यंत आणि दुसरीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांपासून दहावीतल्या मिशा फुटलेल्यांपर्यंत त्यांनी सगळ्यांकडून हे घोटून घेतलं. मधल्या सुट्टीत घोटून घेतलं, पावसाच्या तासाला घोटून घेतलं, एकदा तर शोकसभेनंतरही घोटून घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी सरावासाठी औषध नसलेला पंप दिला होता. पण त्यातून फवारा दिसत नसे, आणि सरांना ते काही रुचेना. "पाण्यात न उतरता कुणी पोहायला शिकतं का?" असं म्हणून त्यांनी खराच निळा पंप वापरायला घेतला. तो आठवीतल्या शहामृगाचा होता.

शहामृग म्हणजे लांबच लांब पायांची, बारीक मानेची एक मुलगी. पळायची अशी की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. फक्त आजवर ती कुठल्या शर्यतीत पळलीच नव्हती. तिचा दमा तिसरीपासूनचा, आणि तिची आई त्याहून चिवट. सरांनी त्या माऊलीकडे तीन खेपा घातल्या तेव्हा कुठे ती रिलेला हो म्हणाली, तेही अटीवर. शर्यतीआधी पंधरा मिनिटं दोन फवारे, डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेत तसे. ते चुकले तर पळणं नाही. "आणि सर, एकदा चुकलं की पुन्हा विचारायला येऊ नका," असंही तिने हसत सांगितलं होतं. त्या हसण्याने सर चांगलेच टरकले होते.

आज ती शर्यत होती. साडेचारला, सगळ्यात शेवटी, चारशे पोरांच्या आरडाओरड्यात. शहामृग चौथ्या टप्प्यावर पळणार होती आणि सकाळपासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. चार वाजायला पाच मिनिटं असताना ती सरांच्या पिशवीतून पंप काढायला आली, आणि पंप हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"सर, इथे शून्य दिसतंय."

"कुठे शून्य?"

"मागच्या आकड्यात. दोनशे असतात ना, ते संपले."

सरांनी पंप हलवला, हवेत दाबला. फुस्स झालं. "हे बघ, येतोय की!"

"सर, शून्यानंतरही फुस्स होतं. त्यात औषध नसतं," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला: सोळा वर्ग, वर शिक्षक, वर शिपाई. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दम्याचं शिक्षण देता देता त्यांनी दम्याच्या पोरीचं औषध संपवलं होतं!

दुसरा पंप आईपाशी होता. आई चष्म्याच्या दुकानात. फोन दोनदा वाजून बंद झाला, कारण काच घासायच्या यंत्रापुढे तिला काही ऐकू येत नसे.

"बाई, मी आलोच!" सर ओरडले.

"शर्यत साडेचारलाच सुटणार," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "तुमची शिट्टी ठेवून जा."

सरांनी गळ्यातली शिट्टी बाईंच्या हाती दिली आणि ते पळाले. पंधरा वर्षं त्यांनी दुसऱ्यांना पळवलं होतं. स्वतः मात्र बस सुटली तरी ते चालतच जात. दोन चौक, एक पूल, एक उतार. पोट पुढे, सर मागे. रस्त्यावरच्या एका भल्या माणसाने "चोर कुठे गेला?" असं विचारून त्यांच्या मागे थोडं पळूनही घेतलं.

दुकानाच्या मागच्या खोलीत आई यंत्रापुढे बसली होती. फिरत्या दगडावर पाण्याची बारीक धार, तिच्या बोटांत एक काच, डोळे काचेच्या कडेवर. सरांना दारात बघताच तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बरी आहे! एकदम ठणठणीत आहे!" सर धापा टाकत म्हणाले. "फक्त पंप हवाय."

"शाळेतला कुठे गेला?"

हरवला म्हणावं, असं सरांच्या अगदी जिभेवर आलं होतं. पंप काय, हरवू शकतो. पण त्या बाईचे डोळे दिवसभर काचेवरचे केसाएवढे चरे शोधायचे, तिथे थाप कुठली टिकायला? आणि खरं म्हणजे त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"मी संपवला, ताई. सगळ्यांना शिकवता शिकवता. खराच वापरला. चूक माझी, पोरीची काही नाही. तिला पळू द्या, मला काय बोलायचं ते बोला."

काच अर्ध्यात सोडली तर वाया जाते, म्हणून आईने आधी कड पूर्ण केली, काच पुसली, उजेडात धरून बघितली. तेवढ्यात सरांचं आयुष्य निम्मं झालं.

"कुणाकुणाला शिकवलंत?"

"सगळ्यांना. अगदी दुसरीच्या पोरांना."

"आणि येतं त्यांना?"

"झोपेतून उठवून विचारा!"

आईने ओले हात फडक्याला पुसले. "मला दोनदा मोठ्या दुकानात बोलावलं, सर. पगार जास्त. नाही गेले. तिथून शाळा तासभर लांब, आणि इथून दहा मिनिटं. पाच वर्षं मी त्या दहा मिनिटांवर बसून आहे." तिने पिशवीतून निळा पंप काढला, मागचा आकडा बघितला आणि मालकाला ओरडून सांगितलं, "मी पोरीची शर्यत बघायला चालले!"

आणि ती सरांच्या पुढे पळाली. लांब पाय कुणाकडून आले होते ते सरांना आत्ता कळलं.

चार वाजून चौदा मिनिटांनी शहामृगाच्या हातात पंप पडला. दोन फवारे झाले. साडेचारला बाईंनी शिट्टी फुंकली, इतकी जोरात की त्या स्वतःच दचकल्या.

पहिली मुलगी तिसरी आली, दुसरी तिसरीच राहिली, तिसरीच्या हातून कांडी निसटता निसटता वाचली. शहामृगाने कांडी घेतली तेव्हा पुढे दोघी होत्या. मग काय झालं ते सरांना नीट सांगता येत नाही, कारण ते उड्या मारत होते. एक मागे पडली. दुसरी आणि शहामृग खांद्याला खांदा लावून आल्या, चारशे पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली, आणि शहामृगाची लांब मान वीतभर आधी रेघेपार गेली!

सरांनी शिपाईकाकांना मिठीच मारली. पण आईची नजर पोरीवरच होती. शहामृग कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि खोकली. पुन्हा खोकली. आई गर्दी सारत पळत सुटली.

ती पोचायच्या दहा पावलं आधी सगळं सुरू झालेलं होतं. काकांनी खुर्ची आणली होती. तिसऱ्या टप्प्याच्या मुलीने शहामृगाला ताठ बसवलं. कुणी पंप हलवला, कुणी स्पेसर धरला, बाई घड्याळ बघत उभ्या राहिल्या. दुसरीतलं एक दात पडलेलं पोरगं गर्दीला दम देत होतं, "मागे सरका, हवा येऊ द्या!" एक फवारा झाला, थांबून दुसरा. शहामृगाचे खांदे खाली आले. तिने मान वर करून आईला बघितलं आणि बरी आहे म्हणून अंगठा दाखवला, मग कांडी दाखवली, मग हसली.

आई होती तिथेच थांबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पोरीला खोकला आला होता आणि कुणी तिला हाक मारली नव्हती. तिचे डोळे भरून आले आणि ती मटकन मैदानावर बसली. सर घाबरून धावत आले.

"ताई, काय झालं?"

"काही नाही," ती हसत, डोळे पुसत म्हणाली. "मी इथे बसले तर चालेल ना, सर? नुसतं बघायला."