मी बोलतो, हुंकार कोण देतो?

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि मला माणसांच्या बोटांची किळस येते. अहेरीजवळच्या एका आश्रमशाळेच्या कार्यालयात मी असतो. इथले कारकून प्रफुलभाऊ तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळतात आणि त्याच बोटांनी माझी बटणे दाबतात. बटणांखाली सुपारीचा चुरा साचला आहे. दसऱ्याला मात्र मला झेंडूचा हार घालतात. तो हार माझ्याच अंगावर कुजतो.

नवा होतो तेव्हा इथले कारकून वामनराव बाबू मला रोज फडक्याने पुसत. माझ्यातले खाते त्यांच्याच नावाचे होते. त्यांची बदली झाली, तरी मागून आलेले सगळे त्यांच्याच नावाने काम करत राहिले. नवे खाते काढायचा आळस, दुसरे काय!

यंदा माझी जुनी प्रणाली काढून नवी बसवली. बसवणाऱ्याने प्रफुलभाऊंच्या नावाने खाते उघडून दिले. फाइली ठेवायचा जुना कप्पा मात्र वामनरावांच्याच नावावर राहिला, आणि नवी प्रणाली त्यात दुसऱ्या कुणाला काही ठेवू देईना. प्रफुलभाऊ सवयीने तिथेच फाइल ठेवायला जात. मी पडद्यावर सूचना दाखवी. ते ती न वाचता ओके दाबत आणि मग फाइल सापडली नाही की मला चापट मारत. चूक त्यांची, मार मला.

एके दुपारी शाळेतल्या शिक्षिका नीलिमा मॅडम गावातल्या म्हाताऱ्या झिंगूबाईंना घेऊन आल्या. लहान मुलांच्या पुस्तकासाठी त्यांची गोंडी गोष्ट टाइप करायची होती. दुसऱ्या दिवशी झिंगूबाई लेकीकडे सिरोंच्याला कायमच्या जाणार होत्या. त्या सांगत, मॅडम प्रत्येक वाक्याला "हूं" म्हणत. हुंकार राहिला की गोष्ट थांबे. गोष्टीत एक लंगडा मोर होता. मलाही तो आवडला.

गोष्ट संपली. मॅडम फाइल ठेवू लागल्या, तशी मी सूचना दाखवली.

"हे असंच येते मॅडम, ओके दाबा," प्रफुलभाऊ म्हणाले. मॅडमनी दाबले. घरी जायची घाई म्हणून प्रफुलभाऊंनी लगेच भिंतीवरचे बटणच बंद केले. मॅडमना शंका आली, म्हणून मला पुन्हा सुरू केले, तर गोष्ट कुठेच नव्हती. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आले.

"डब्बाच खराब हाय," प्रफुलभाऊ म्हणाले.

"त्यानं काई सांगतलं नव्हतं का?" झिंगूबाईंनी विचारले.

"सांगते ना. पन वाचते कोन?" प्रफुलभाऊ बोलून गेले.

"मंग त्याची काय चूक? हूं नाई म्हटलं तं माही गोष्ट बी थांबते. आधी त्याले हूं म्हन, मंगच मी सांगीन."

प्रफुलभाऊंनी एक कोरी फाइल त्याच जागी ठेवून पाहिली आणि आलेली सूचना पहिल्यांदा वाचली. "या जागी ठेवाची परवानगी नाई म्हंते."

"तं दुसऱ्या जागी ठेव," झिंगूबाई म्हणाल्या.

मॅडमनी नवा कप्पा काढला. फाइल मुकाट्याने बसली. मग झिंगूबाईंनी थकलेल्या आवाजात गोष्ट पुन्हा सांगितली. ती आखूड झाली. तिच्यात मोर आलाच नाही. आठवण करून द्यावी तर मला तोंड नाही, आणि मॅडमना विचारायचा धीर झाला नाही.

मित्रांनो, मला हार नको. हात धुऊन या. मी काही सांगू लागलो, तर ओके दाबण्याआधी एकदा हूं म्हणा. पुस्तक छापून आले, मुले ते वाचतात. मोर त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नाही.