ओव्हनचा खालचा रॉड

रविनाच्या ओव्हनचा खालचा रॉड फुटला तेव्हा मी पडवीत नातीला मांडीवर घेऊन बसलो होतो. आतून फट्‌ असा आवाज झाला, घरातली वीज गेली आणि जळकट वास बाहेर आला. पोर दचकून रडायला लागली. तिला खांद्यावर टाकून मी आत गेलो. माझी सून रविना ओव्हनचं दार उघडून उभी होती. ट्रेमधली नाचणीची बिस्किटं अर्धी कच्ची होती. रॉडला एका जागी फोड येऊन तो उकलला होता.

"गेला, आबा," ती म्हणाली. "नमुन्याचीच बिस्किटं होती."

आसनगावला हायवेच्या कडेला माधुरीताईंचं फराळाचं दुकान आहे, तिथे द्यायचा हा नमुना. त्यांच्याकडे कांदा-लसूणही न खाणारी माणसं येतात. रविना पहिल्यांदा गेली तेव्हा माधुरीताईंनी एवढंच विचारलं होतं, "घरात तुम्ही काय खाता ते मला नको सांगू. पण ओव्हनात काय जातं?" रविनाने सांगितलं होतं, "ताई, अंडंसुद्धा जात नाय. तो फक्त माझा." बिस्किटं पसंत पडली तर दर आठवड्याला माल द्यायचा होता. नाहीतर हायवेवरच्या गोदामात पॅकिंगच्या कामाला जायचं. तिथे सकाळी गाडी न्यायला येते ती संध्याकाळी आणून सोडते. नात अक्षदा तेव्हा अंगावर पीत होती आणि बाटली तोंडाला लावली की मान फिरवत होती. म्हणून रविनाचा सगळा जीव त्या ओव्हनात अडकला होता.

रविवारी माझा मुलगा मनोज घरी होता. तो कल्याणला दुकानात कामाला जातो. आम्ही तिघं फुटका रॉड घेऊन शहापूरला साईनाथच्या दुकानात गेलो. साईनाथ मिक्सर, गिझर, पंखे असलं सगळं दुरुस्त करतो. त्याने रॉड उजेडात धरून फिरवून पाहिला.

"कसा गेला?"

"हिला वापरता येत नाय," मनोज म्हणाला. "पीठ सांडवते, पुसत नाय. शंभरदा सांगितला."

"पिठाने असा नाय खात रे. हा खारटाने खाल्लाय. मिठाचं काय पडलं का वरतून?"

मनोज रॉडकडे बघत म्हणाला, "खारी बिस्किटं करते ना ती."

रविनाने त्याच्याकडे पाहिलं. तिने कधी खारी केलेली नव्हती. पण परक्यासमोर नवऱ्याला खोटं पाडायचं नाही म्हणून ती गप्प बसली. मला वाटलं, केली असतील कधी, आपल्याला काय कळतंय. साईनाथने रॉडचा फोटो काढला, माप घेतलं आणि कल्याणहून मागवतो म्हणाला. बसवायला ओव्हन आणून द्या म्हणत होता, पण रविनाने त्याच्याकडून सगळं विचारून घेतलं. आमच्या गावाहून, शेणव्याहून, तो बोजा टमटममध्ये घालून आणायचा आणि परत न्यायचा, एवढा वेळ तिच्याकडे नव्हता.

रॉड यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात घरात वास सुटला. आधी थोडा थोडा येत होता, मग असा की जेवताना घास तोंडाशी नेला की तोच नाकात शिरायचा. भादव्यातली दमट हवा, भिंतींना ओल. रविना म्हणाली, "ओव्हनकडून येतोय का हो?"

"उंदीर मेला असंल माळ्यावर," माझी बायको सकुबाई म्हणाली. "ओव्हनात काय हाय मरायला?"

मनोज लगेच उठला. बॅटरी घेऊन माळ्यावर चढला, पोती सरकवली, पत्र्याखाली काठी घातली, अंगभर जाळी घेऊन खाली उतरला. दुसऱ्या दिवशी कामावरून आला तसा परत चढला. मी खालून शिडी धरून उभा राहिलो. मनात म्हटलं, पोरगं राबतंय घरासाठी.

रॉड आला त्या दिवशी दुपारी रविनाने ओव्हन पडवीत आणला. पिन काढलेलीच होती, तरी तिने परत एकदा पाहिली. मी ओव्हन आडवा धरला, तिने बाजूच्या पत्र्याचे स्क्रू काढले. पत्रा घट्ट बसला होता. स्क्रू ड्रायव्हर खोचून तिने तो उचकटला आणि पुढच्याच क्षणी तोंडावर हात दाबून मागे सरकली.

आतल्या आणि बाहेरच्या पत्र्याच्या मधे, रॉडचं टोक जिथून बाहेर येतं त्या भोकाखाली, पिवळ्या काळ्या चरबीचा थर साचला होता. मिठाचे खडे त्यात रुतलेले. आणि तो थर हलत होता. पांढऱ्या अळ्या, भाताच्या शितांसारख्या, एकमेकींवर चढत होत्या. एक झुरळ त्यात पाय रुतून जिवंतच अडकलं होतं. मी आयुष्यभर शेण उचललंय, मेलेली गुरं ओढून नेलीत, तरी मी मान फिरवली. अक्षदा रांगत तिकडेच निघाली होती. मी तिला एका हाताने मागे ओढलं.

रविनाने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने चरबीतून काहीतरी उचललं. सकुबाई दारात आली होती.

"आई, हे काय?"

सकुबाईने नीट पाहिलं. "बांगड्याची शेपटी ती."

"ओव्हनात?"

"मग कुठं सुकवायची गो? तू उंबरमाळीला माहेरी गेलतीस ना, तवा खारे बांगडे पार ओले झालते. किडे पडायला आले. आगोटीला, पावसाच्या आधी, एवढा भरून ठेवलेला, फेकून द्यायचा? चूल होती तवा चुलीवर टांगायचो, धूर लागायचा. चूल काढलीत तुमी. गॅसवर टांगू?"

"पण बटण कोणी लावलं? तुम्हाला तर लावता येत नाय."

"मनोजनं लावला. मी म्हटला जाळीवर पसरव, त्यानं पसरवला. कडक झाले बग बांगडे. तुमीपण खाल्लेत," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "वा वा करून खाल्लेत."

खाल्ले होते. तेव्हा मी बेणणीला, तण काढायला, शेतावर असायचो. संध्याकाळी येऊन ते भाजलेले बांगडे भाकरीबरोबर चवीने खाल्ले होते. आता त्यांची चव घशाशी आली. पण सकुबाईवर मला राग धरता येईना. तिच्या लेखी तो एक गरम पत्र्याचा डबा होता आणि मासळी वाया घालवणं हे पाप. तेलमीठ खाली रॉडवर गळतंय, भोकातून आत झिरपतंय, हे तिला कुठून कळणार? रविनाने माधुरीताईंना काय शब्द दिला होता तेही तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मनोजला मात्र सगळं माहीत होतं. बटण त्याने लावलं, जाळीवर बांगडे त्याने मांडले. रॉड फुटला तेव्हा त्याला कारण ठाऊक होतं. तरी साईनाथसमोर बायकोची अक्कल काढली आणि वर खारी बिस्किटांची गोष्ट रचली. मग दोन दिवस बॅटरी घेऊन मेलेला उंदीर शोधला आणि बापाला शिडी धरायला लावली. त्या अळ्यांकडे बघूनही आली नाही एवढी किळस मला हे आठवून आली.

रविनाने नाकाला ओढणी बांधली. चरबी खरवडून काढली, ती मी खड्डा करून पुरली. गरम पाणी, सोडा, लिंबू, परत गरम पाणी, असं तिने दिवस मावळेपर्यंत चालवलं. पत्रा उन्हात ठेवायला ऊन नव्हतं, म्हणून पंख्याखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सगळं कोरडं झाल्यावर तिने नवा रॉड आतून सरकवला, टोकं भोकांतून बाहेर काढली, चिनी मातीच्या चकत्या नीट बसवल्या, वायरी जिथल्या तिथे लावल्या. रॉड पत्र्याला कुठे टेकत नाही ना ते बोटाने चाचपून पाहिलं. मग रिकामाच तापवला. पहिल्यांदा धूर आला, त्यात परत तो वास. दुसऱ्यांदा कमी. तिसऱ्यांदा नुसता तापलेल्या लोखंडाचा.

संध्याकाळी तिने बिस्किटं भाजली. मनोज कामावरून आला तोवर ट्रे बाहेर निघाला होता. वेलचीचा वास घरभर झाला होता.

"आबा, खाऊन बघा," रविना म्हणाली.

मी मन घट्ट करून एक तोंडात टाकलं. खुसखुशीत, गोड, नाचणीचा खमंगपणा. बांगड्याचा मागमूस नाही.

"चांगली झालीत," मी म्हटलं.

"झाला तर!" मनोज म्हणाला. "उद्या देऊन टाक. वास नाय, काय नाय. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना," रविना म्हणाली.

"तू गप बसलीस तर तुला तरी काय होणार हाय? घासलास, धुतलास, नवा रॉड टाकलास. अजून काय सोन्याचा मुलामा द्यायचा?"

त्याने एक बिस्किट उचललं आणि खात खात मोबाईल बघत बसला. खारी बिस्किटांबद्दल तो चकार शब्द बोलला नाही, उंदराबद्दल तर नाहीच. रविनाने विचारलंही नाही. मला ते बघवेना. मी बाहेर जाऊन चूळ भरली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर आसनगावला गेलो, पोरीला धरायला. टमटममध्ये रविना डबा मांडीवर घेऊन बसली होती. काय करणार आहेस, असं मी विचारलं नाही. गप्प राहिली असती तर मीही गप्प राहिलो असतो, कारण मांडीवरच्या पोरीकडे मलाही बघवत नव्हतं.

माधुरीताईंनी डबा उघडला, वास घेतला, बिस्किट मोडून खाल्लं. दुसरं उचललं. "अगं छानच गं! तूप कुठलं, घरचं? सोमवारपासून दे. भाव मागच्या वेळी बोललो तोच."

रविना हसली. मला वाटलं, झालं, सुटली. पण हसू ओठांवर तसंच ठेवून ती म्हणाली, "ताई, एक सांगायचंय. मी माहेरी होते तेव्हा घरच्यांनी ओव्हनात मासळी सुकवली. मला माहीत नव्हतं. नंतर सगळं धुतलं, रॉड नवा घातला. पण मी तुम्हाला जे बोलले होते ते आता खरं नाय."

माधुरीताईंचा चेहरा पांढरा पडला. त्या उठून मागच्या मोरीकडे गेल्या. चूळ भरल्याचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू आला, एकदा, मग परत, मग बोटं घालून खाकरल्याचा. परत आल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

"आधी नाही सांगायचंस? मी खाल्ल्यावर सांगतेस?"

"तुम्ही डबा लगेच उघडलात..."

"उचल तो. दुकानात ठेवू नकोस." मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. पण मला नाही गं जमणार. नवा ओव्हन घेतलास तर ये."

नवा ओव्हन घेण्यासारखी आमची परिस्थिती असती तर गोदामाचा विषयच निघाला नसता. त्यांचंही काही चुकलं नाही. आम्ही रस्ता ओलांडून थांब्यावर आलो. रविनाने डबा उघडून एक बिस्किट मला दिलं, एक स्वतः खाल्लं.

"सोमवारपासून गाडीला जाते, आबा," ती म्हणाली. "बाटलीची सवय करा तिला."

घरी मनोजने ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "बोललीस? येडी हायस काय! हातातला काम घालवला." आईकडे वळून म्हणाला, "सांग हिला कायतरी." सकुबाईला पहिल्यांदा कळलं होतं की त्या बांगड्यांनी काय केलं, आणि ती उठून उगाच भांडी लावायला लागली.

सोमवारी रविना गेली. अक्षदाने सकाळपासून बाटली तोंडाला लावू दिली नाही. सकुबाई तिला कडेवर घेऊन अंगणात फिरत होती, तरी ती आईच्या गाडीच्या दिशेने हात करून किंचाळत होती. मनोजच्या दुकानाला त्या दिवशी सुट्टी होती. दुपारी मी आत आलो तर तो ओव्हनसमोर वाकून उभा. जाळीवर वाकट्यांची ओलसर मासळी मांडली होती.

"आता ती वापरत नाय म्हटल्यावर..." तो म्हणाला आणि बटण फिरवलं. थांबला. दार उघडून आत हात नेला. परत फिरवलं. "बघा! जाताना बिघडवून गेली."

"तिने नाय," मी म्हटलं. "खालचा नि वरचा, दोन्ही रॉड मी काढलेत."

"कशाला?"

सकुबाई दारात आली. पोरगी रडून लालबुंद झाली होती. मी तिला सकुबाईकडून घेतलं आणि मनोजच्या हातात दिलं. त्याच्या बोटांना वाकट्यांचा वास येत होता. ती त्याच्या छातीवर तोंड घासायला लागली आणि काही न मिळाल्यावर आणखी जोरात ओरडली.

"भूक लागलीय तिला," मी म्हटलं. "तिची आई संध्याकाळी येईल. तोवर धर."