माझ्या प्रयोगाला माझंच तोंड

परदेशातल्या विद्यापीठात शिकणाऱ्या एका मराठी मुलीच्या गटाचं वर्गात सादरीकरण होतं. तिची बोलायची वेळ आली तसा गटातला मराठी मुलगा कुजबुजला, “ताई, तुझं इंग्रजी इथे कुणाला कळत नाही. तुझा भाग मी बोलतो.”

“प्रयोग मी केले आणि तोंड तुझं? बस खाली!”

तिच्या पहिल्याच वाक्याला मागच्या बाकावरचे दोघे हसले. तिचे वडील कीर्तनकार होते; श्रोत्यांचं लक्ष उडालं की ते थांबत आणि तेच वाक्य सभेकडून वदवून घेत. तीही थांबली. वाक्य सावकाश पुन्हा बोलली आणि हसणाऱ्यांना म्हणाली, “आता तुम्ही म्हणा.”

वर्ग चपापला. दोघं पुटपुटले.

“मोठ्याने!”

मग सगळा वर्गच बोलला. प्राध्यापिकांनी घड्याळ दाखवलं, तेव्हा ती हात जोडून म्हणाली, “अजून अर्धं राहिलंय,” आणि तिने पुढचं वाक्य उचललं.